लुईस आर्म्सचे 133 दिवस: एका बिअरसाठी गावाने पबवर टाकलेला बहिष्कार

इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्समध्ये लुईस नावाचं एक गाव आहे, ब्रायटनहून ट्रेनने पंधरा मिनिटं. गावात किल्ला आहे, किल्ल्याच्या पायथ्याशी लुईस आर्म्स नावाचा छोटासा पब आहे, आणि तिथून उतार धरून सात-आठ मिनिटं चाललं की नदीकाठी हार्वेज नावाची ब्रुअरी आहे. डिसेंबर 2006 मध्ये या पबच्या मालक कंपनीने, ग्रीन किंगने, ठरवलं की इथे यापुढे हार्वेजची बिअर मिळणार नाही, आमचीच मिळेल. मालकी त्यांची, लायसन्स त्यांचं, कायदाही त्यांच्याच बाजूने. तरी 133 दिवसांनी त्यांना माघार घ्यावी लागली.

मी ब्रायटनला आलो तेव्हा हे सगळं होऊन बरीच वर्षं झाली होती. ऑफिसातला एक म्हातारा सहकारी, पक्का लुईसवाला, त्याने एका शुक्रवारी मला हे सांगायला घेतलं आणि मी आधी हसलो, म्हटलं बिअरच्या एका नळासाठी साडेचार महिने आंदोलन? त्याला माझं हसणं आवडलं नाही. मग हळूहळू वाचत गेलो, दोनचारदा गावात जाऊन आलो, आणि लक्षात आलं की नळाची गोष्ट शेवटची आहे, खरी गोष्ट दोनशे वर्षं आधी सुरू होते. म्हणून थोडं मागे जातो, कंटाळू नका.

हार्वेजचा धागा 1790 पर्यंत मागे जातो. जॉन हार्वे मूळचा वाइनचा व्यापारी, त्याच्या माल पोचवण्याच्या नोंदी त्या वर्षीपासूनच्या आहेत. बिअर नंतर आली, आणि ऊज नदीच्या काठावरची ब्रिज व्हार्फची जागाही नंतर आली. व्हार्फ म्हणजे धक्का, नदीतून होड्यांनी माल यायचा जायचा. आज पुलावर उभं राहिलं की जी इमारत दिसते, मनोरा, चिमणी, लाल विटा, पांढऱ्या लाकडी पट्ट्या, ती 1880 च्या आसपासची, विल्यम ब्रॅडफर्ड नावाच्या आर्किटेक्टने केलेली. हा माणूस ब्रुअऱ्याच बांधायचा, तोच त्याचा धंदा. गावातले लोक त्या इमारतीला कॅथीड्रल म्हणतात, आणि खरंच लांबून देऊळ-चर्चसारखंच काहीतरी वाटतं.

मनोरा कशाला हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर एकदम साधं आहे, गुरुत्वाकर्षण. पाणी आणि माल्ट (म्हणजे मोड आणून भाजलेलं सातू) वर चढवायचं, मग एकेक मजला खाली उतरत गेलं की काम होत जातं: वर दळण, त्याखाली गरम पाण्यात कालवण, त्याखाली हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं) घालून उकळी, त्याखाली आंबवण, आणि तळघरात पिंपं. पंपाची गरज कमीत कमी. व्हिक्टोरियन लोकांनी अशा मनोऱ्याच्या ब्रुअऱ्या इंग्लंडभर बांधल्या, त्यातल्या बऱ्याच आज फ्लॅट झाल्यात. लुईसची अजून चालू आहे. 1985 मध्ये कपॅसिटी वाढवायची वेळ आली तेव्हा जुन्या मनोऱ्याला जोडूनच, तसाच दिसेल असा दुसरा भाग बांधला. पत्र्याची शेड मारून स्वस्तात काम झालं असतं की, पण नाही.

गेल्या वर्षी बाबा आले होते दोन महिने. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली, कोल्हापूरकडे. त्यांना लुईसला घेऊन गेलो, पुलावर उभे राहिलो, आणि त्या दिवशी ब्रूइंग चालू होतं. वाऱ्यावर गरम, गोडसर, भिजलेल्या धान्याचा वास. बाबा थांबले, म्हणाले "अरे, गाळप चालू आहे वाटतं." मी म्हटलं बाबा, इथे ऊस नाही, सातू आहे. "तेच ते," म्हणाले, "हंगामाचा वास आहे हा." बाबांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, पण त्या पुलावर ते वीस मिनिटं हलले नाहीत.

त्यांना मी यीस्टचं सांगितलं ते तर त्यांना फारच पटलं. हार्वेजमध्ये जे यीस्ट वापरतात ते 1957 मध्ये यॉर्कशायरमधल्या टॅडकॅस्टर गावच्या जॉन स्मिथ्स ब्रुअरीतून आणलेलं. तेव्हापासून तेच. एका खेपेच्या बिअरवर फेस आला की तो काढून पुढच्या खेपेला घालायचा, असं सत्तरीच्या घरात वर्षं झाली, आणि एवढ्या पिढ्यांत ते यीस्ट लुईसचं होऊन गेलंय. "म्हणजे विरजण," बाबा म्हणाले. बरोबर, विरजणच. शेजारणीकडून वाटीभर आणलेलं विरजण आपल्या घरच्या दुधात, आपल्या घरच्या हवेत मुरलं की चार महिन्यांनी त्या दह्याची चव शेजारणीच्या दह्यासारखी राहत नाही. आणि जॉन स्मिथ्स? ती कधीच मोठ्या कंपन्यांच्या पोटात गेली, आज हायनेकनची आहे. विरजण देणारं घर विकलं गेलं आणि घेणारं टिकलं.

पाणी त्यांचं स्वतःचं, विहिरीचं. आजूबाजूच्या टेकड्या खडूच्या आहेत, डाउन्स म्हणतात त्यांना, पाऊस त्या खडूतून गाळत गाळत खाली येतो. माल्ट मॅरिस ऑटर जातीचं, हॉप्स ससेक्स, केंट, सरे इथले: फगल्स, गोल्डिंग्ज, प्रोग्रेस, ब्रॅम्लिंग क्रॉस. यातून जी बिअर होते ती हार्वेज ससेक्स बेस्ट, फक्त 4 टक्के अल्कोहोल, तांबूस रंग. 2005 आणि 2006 अशी लागोपाठ दोन वर्षं तिला ब्रिटनची चँपियन बेस्ट बिटर ठरवलं गेलं (एल ही पारंपरिक इंग्लिश बिअर, बिटर हा तिचा कडवट प्रकार). तारखा लक्षात ठेवा, 2006 च्याच शेवटी तिला पबमधून काढायचं ठरलं. टायमिंग बघा.

आता कास्क एल म्हणजे काय हे दोन मिनिटांत सांगतो कारण पुढे त्याचं काम आहे. आपल्याला माहीत असलेली बिअर, बाटलीतली किंवा केगमधली (धातूच्या बंद पिंपातली), ती फॅक्टरीतून निघताना "मेलेली" असते, गाळून, पाश्चराइझ करून, वरून गॅस भरून. कास्क एल जिवंत असते. पिंपात यीस्ट असतं, पबच्या तळघरात आल्यावरही ती आंबत असते, तिथे तिला एकदोन दिवस स्वस्थ ठेवावं लागतं, गाळ खाली बसू द्यावा लागतो. मग हातपंपाने ओढून ग्लासात. तापमान 11 ते 13 अंश, म्हणून नवख्याला ती "कोमट" लागते (मलाही लागली होती, पहिला ग्लास मी निम्मा सोडला होता, आता लाज वाटते). आणि महत्त्वाचं म्हणजे पिंप उघडलं, आत हवा गेली, की तीनेक दिवसांत संपवावं लागतं नाहीतर आंबट होतं. छोटं पिंप, फर्किन, 9 गॅलनचं, म्हणजे 72 पिंट (पिंट म्हणजे इथला मोठा ग्लास). तीन दिवसांत 72 पिंट खपले नाहीत तर चव जाते, चव गेली की गिऱ्हाईक कमी होतं, गिऱ्हाईक कमी झालं की पुढचं पिंप अजून शिळं होतं. हे चक्र डोक्यात ठेवा.

आणि एक प्रसंग सांगतो मग मूळ मुद्द्यावर येतो. 12 ऑक्टोबर 2000. ससेक्समध्ये धो धो पाऊस, ऊज नदी फुटली, लुईसचा खालचा भाग पाण्यात गेला आणि ब्रुअरी तर नदीच्या काठावरच. सगळं बंद. टाक्यांमध्ये एक खेप आंबत होती, तिच्याकडे बघायला कुणी नाही, तापमान सांभाळायला वीज नाही. पाणी ओसरल्यावर बघितलं तर बिअर वाचलेली, यीस्टने आपलं काम गुपचूप करून ठेवलेलं. ती बिअर "ऊज बूज" नावाने विकली आणि पैसे पूरग्रस्तांना दिले. नऊ दिवसांत ब्रूइंग परत सुरू. आता ज्याच्या घरात पाणी शिरलं होतं, ज्याने चिखल उपसून संध्याकाळी ती ऊज बूज प्यायली, त्या माणसाला सहा वर्षांनी कुणी येऊन सांगितलं की "सर, ही बिअर आमच्या पोर्टफोलिओत बसत नाही", तर तो काय करेल?

बरं, मुळात हार्वेजची बिअर दुसऱ्याच कंपनीच्या पबमध्ये आली कशी. लुईसमध्ये एकेकाळी कितीतरी ब्रुअऱ्या होत्या, त्यातली एक बिअर्ड्स. तिची स्टार ब्रुअरी लुईस आर्म्सला अगदी चिकटून, मागच्या गल्लीत. लुईस आर्म्स हा बिअर्ड्सचाच पब. 1950 च्या दशकाच्या शेवटी बिअर्ड्सने स्वतः ब्रू करणं बंद केलं, पब ठेवले, आणि बिअर घ्यायला लागले खालच्या हार्वेजकडून. म्हणजे प्रतिस्पर्धी होते ते गिऱ्हाईक झाले. अशी चाळीसेक वर्षं गेली, एक पिढी जन्मली, प्यायला लागली आणि म्हातारी झाली, सगळ्यांच्या लेखी लुईस आर्म्स म्हणजे हार्वेज. मग 1998 मध्ये बिअर्ड्सचे पब ग्रीन किंगने विकत घेतले.

ग्रीन किंग पण काही कालची कंपनी नाही, 1799 ची, सफोकमधल्या बरी सेंट एडमंड्सची. तीही कधीकाळी अशीच प्रादेशिक ब्रुअरी होती, फरक एवढाच की तिने वाढायचं ठरवलं आणि वाढायचा रस्ता म्हणजे दुसऱ्यांना विकत घेणं. अ‍ॅबिंग्डनची मॉरलंड घेतली, ब्रुअरी बंद. एसेक्सची रिडलीज 2005 मध्ये घेतली, बंद. नॉटिंगहॅमशायरची हार्डीज अँड हॅन्सन्स 2006 मध्ये घेतली आणि वर्ष संपायच्या आत तिथलं ब्रूइंगही थांबवलं. ब्रँडची नावं ठेवायची, बिअर सफोकमध्ये बनवायची. एलप्रेमी लोक तिला "ग्रीडी किंग" म्हणायला लागले होते ते उगाच नाही. त्यांची मुख्य बिअर ग्रीन किंग आयपीए. आता आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, आपल्याकडे कलकत्ता-मुंबईला बसलेल्या साहेबांसाठी जहाजातून यायची त्या बिअरच्या घराण्याचं नाव, पण ग्रीन किंगची आयपीए तेव्हा 3.6 टक्क्यांची साधी सेशन बिटर होती (म्हणजे हलकी, निवांत बसून दोनचार ग्लास घेता येतील अशी), नावापुरती इंडिया. आणि योगायोग असा की तेव्हा कंपनीचे सीईओ होते रूनी आनंद, भारतीय वंशाचे. म्हणजे इंडियाच्या नावाची बिअर, भारतीय वंशाचा बॉस, आणि समोर ससेक्सचे म्हातारे. असो.

कंपनीच्या बाजूने विचार करून बघू, कारण इथे बहुतेक लोक लगेच "दुष्ट कॉर्पोरेट" म्हणून मोकळे होतात आणि मग प्रकरणातून शिकायला काही उरत नाही. इंग्लंडमध्ये पबचा धंदा "टाय"वर चालतो. ब्रुअरी पबची मालक असते आणि त्या पबमध्ये तिचीच बिअर विकली जाते. स्वतःची बिअर विकली की ब्रू करण्याचा फायदाही तुमचा आणि विकण्याचाही तुमचाच. दुसऱ्याची विकली तर फक्त विकण्याचा. लुईस आर्म्समध्ये तेव्हा सांगितलं जायचं की ग्रीन किंगच्या एका पिंटमागे हार्वेजचे चार खपतात. आता तुम्ही हेडऑफिसला बसलाय, एक्सेल उघडलंय, आणि दिसतंय की तुमच्याच पबमध्ये पाचातले चार ग्लास शेजारच्याचे खपतायत, तुम्हाला काय वाटेल? की हे चार आपले झाले तर! त्या शीटमध्ये एकच गृहीत धरलेलं होतं, की हार्वेज मिळाली नाही तर माणूस त्याच स्टुलावर बसून आयपीए मागेल. तेवढं एक गृहीतक चुकलं, बाकी गणित बरोबर होतं.

कायद्याचाही अडसर नव्हता. 1989 मध्ये थॅचरच्या काळात बिअर ऑर्डर्स नावाचे नियम आले होते, मोठ्या राष्ट्रीय ब्रुअऱ्यांना आपल्या पबमध्ये बाहेरची एक तरी कास्क एल ठेवू द्यावी लागायची. पण ते 2,000 च्या वर पब असलेल्यांसाठी होते आणि 2003 पर्यंत ते रद्दही झाले. म्हणजे 2006 मध्ये लुईसकरांकडे कोर्टात जायला काहीही नव्हतं. पिटिशन केली, हजाराच्या वर सह्या झाल्या, छोट्या गावाच्या मानाने भरपूर, स्थानिक खासदार नॉर्मन बेकरही लोकांच्या बाजूने बोलले. कंपनी हलली नाही. डिसेंबरमध्ये हार्वेजचा पंप गेला.

कंपनीने गाव निवडताना मात्र थोडा इतिहास वाचायला हवा होता. ससेक्सच्या बोलीत एक म्हण आहे, "वी वोंट बी ड्रूव्ह", म्हणजे आम्ही हाकलले जाणार नाही, आम्हाला कुणी गुरांसारखं हाकू नये. लुईस हे त्या म्हणीचं मुख्यालय. 1555 ते 1557 मध्ये कॅथलिक राणी मेरीच्या काळात 17 प्रोटेस्टंटांना इथे जिवंत जाळलं, गाव ते अजून विसरलेलं नाही, दर 5 नोव्हेंबरला वेगवेगळ्या बॉनफायर सोसायट्या (होळी पेटवणारी मंडळं) मशाली घेऊन मिरवणुका काढतात, 17 जळते क्रूस नेतात, आणि ज्याचा राग असेल त्याचा पुतळा जाळतात. आपल्याकडची गणेश मंडळं आठवतात, तशीच एरियाची ईर्ष्या, तसेच पट्ट्यापट्ट्यांचे टीशर्ट, तशीच वर्षभराची तयारी. म्हणजे माणसं गोळा करणं, वर्गणी, कोण कुठे उभं राहणार याची ड्यूटी लावणं, हे या गावाला शिकवावं लागत नाही.

आणि टॉम पेन. अमेरिकन स्वातंत्र्याचा तो लेखक-क्रांतिकारक, 1768 ते 1774 लुईसमध्ये राहिला. काम काय करायचा? एक्साइज ऑफिसर. दारूवरचा कर वसूल करणारा माणूस! त्याने एक्साइजवाल्यांच्या पगारवाढीसाठी पार्लमेंटकडे मागणीपत्रक लिहिलं, वाटलं, आणि नोकरी घालवून बसला. गावाला त्याचा अभिमान, हार्वेज त्याच्या नावाची बिअर काढते. अशा गावात पंप काढला यांनी.

आता आंदोलन. फ्रेंड्स ऑफ द लुईस आर्म्स असा ग्रुप झाला आणि त्यांनी जे केलं ते मला फार हुशारीचं वाटतं. आत जाऊन दंगा नाही, काच फोडणं नाही. ते फक्त पब सोडून गेले. रोजचे लोक उठून दुसऱ्या पबमध्ये बसायला लागले, आणि शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी लुईस आर्म्सच्या दाराबाहेर उभे राहायचे, मेणबत्त्या, पत्रकं, डिसेंबर-जानेवारीचा तो ओला गारठा. बाहेरून आलेला टुरिस्ट दारापाशी आला की त्याला अदबीने सांगायचे, साहेब, इथे असं असं झालंय, तुमची मर्जी, पण खाली चांगले पब आहेत. इंग्लिश माणसाला असं सांगितल्यावर दार ढकलून आत जाणं फार जड जातं. गंमत म्हणून पाऊल टाकायला गेलेलाही ओशाळतो.

हा पब साधाही नव्हता. तीन छोट्या खोल्या, म्युझिक नाही, लोक एकमेकांशी बोलायला यायचे. इथे वाटाणे फेकण्याची जागतिक चँपियनशिप भरते, हो, वाटाणे, कोण लांब फेकतो. आणि ड्वाइल फ्लंकिंग नावाचा प्रकार, बिअरमध्ये बुडवलेलं फडकं काठीवर घेऊन नाचणाऱ्यांच्या अंगावर फेकायचं. म्हणजे वेडेपणाचं एक कॅलेंडरच होतं त्या पबचं, आणि ते चालवणारी माणसं हीच, जी आता बाहेर उभी होती. कंपनीने इमारत घेतली होती, बार घेतला होता, हे कॅलेंडर कुठल्याच खरेदीखतात नव्हतं.

आता मघाचं पिंपाचं चक्र आठवा. पब रिकामा झाला की तळघरातली कास्क एल खपत नाही. खपत नाही ती बिघडते. जे कुणी तटस्थ म्हणून आत जाऊन आयपीए मागतील त्यांच्या ग्लासात आदल्या आठवड्याचं पिंप येण्याची शक्यता वाढते. लागर (म्हणजे ती गाळलेली, केगमधली बिअर) विकणाऱ्या पबवर असा बहिष्कार टाकला असता तर कंपनीचं नुकसान फक्त रोजच्या गल्ल्याचं, माल तसाच पडून राहिला असता महिनाभर. कास्क एलच्या पबला गिऱ्हाईक हे मालाच्या क्वालिटीचाच भाग असतं. माझ्या मते बहिष्काराची खरी ताकद इथे होती, पण लिहिणारे बहुतेकजण "गावाची एकजूट" इथेच थांबतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पर्याय. लुईसमध्ये हार्वेज देणारे पब पावलोपावली आहेत. बहिष्कार टाकणाऱ्याला तहानलेलं राहायचं नव्हतं, फक्त दुसऱ्या दारातून आत जायचं होतं. साडेचार महिने त्याग करायला लावला असता तर फेब्रुवारीतच अर्धे लोक गुपचूप परतले असते, माणसं आहेत शेवटी. इथे त्याग एवढाच की आपली नेहमीची खुर्ची सोडायची. तो कमी आहे असं नाही म्हणत मी, माझ्या सहकाऱ्याला विचारा, तो अजून त्या खिडकीजवळच्या खुर्चीबद्दल बोलतो.

आणि तिसरी, पेपरवाले. लोकल पेपरपासून राष्ट्रीय पेपरांपर्यंत बातमी गेली, कारण बातमी लिहायला सोपी: डेव्हिड आणि गोलायथ (छोट्याची राक्षसाशी लढाई), मेणबत्त्या, म्हातारे, बिअर. ग्रीन किंगच्या हजारोंच्या घरातल्या पबपैकी हा एक, त्याचा गल्ला हेडऑफिसला जाणवलाही नसता. पण "ग्रीडी किंग" हे नाव आधी बिअरच्या शौकिनांपुरतं होतं ते आता नाश्त्याच्या टेबलावर पोचलं, शेअरहोल्डरही वाचायला लागले. एका पबच्या मार्जिनसाठी पूर्ण कंपनीची अब्रू पणाला लागली, आणि हा हिशोब कुठल्याही एक्सेलमध्ये कळायला उशीर लागत नाही.

20 एप्रिल 2007 च्या सुमारास कंपनीने जाहीर केलं की हार्वेज परत येईल. लोकांच्या भावनेची खोली आपल्याला कळली नाही असं त्यांनी कबूलही केलं, हे मात्र त्यांच्या खात्यात जमा धरायला हवं, बऱ्याच कंपन्या तेवढंही करत नाहीत. 133 दिवस.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती लुईसच्या लोकांसमोर बोललो तर भांडण होईल. हार्वेजचे स्वतःचे पन्नासेक पब आहेत, ससेक्स, केंट, लंडनमध्येही. त्या पबमध्ये हातपंपांवर कुणाची बिअर असते? हार्वेजचीच. टाय तोच, नियम तोच. केंटमधल्या एखाद्या गावाने उद्या म्हटलं की आमच्या पबमध्ये आमच्या शेजारची छोटी ब्रुअरी पाहिजे, तर हार्वेज काय करेल? मी हे त्या सहकाऱ्याला विचारलं. त्याने बराच वेळ ग्लासकडे बघितलं, मग म्हणाला की ते वेगळं आहे. का वेगळं, ते सांगितलं नाही. मला वाटतं त्याचं उत्तर असं असावं की हार्वेजने त्या पबमधून लोकांची सवयीची गोष्ट काढून घेतलेली नाही, आणि लोकांना टायचा राग नसतो, काढून घेतल्याचा असतो. पण हे माझं उत्तर आहे, त्याचं नाही, आणि मला ते पूर्ण पटलेलंही नाही.

टाय वाईट म्हणावा तर हेही बघा की टायनेच हार्वेज वाचली. आपले पन्नास पब असतील तर पन्नास ठिकाणी बिअर जाणार हे नक्की, सुपरमार्केटच्या खरेदी मॅनेजरसमोर हात जोडावे लागत नाहीत. ब्रायटनची टॅम्प्लिन्स बघा, ती 1953 मध्ये वॉटनीजने घेतली आणि वीस वर्षांत ब्रुअरी बंद झाली. हॉर्शमची किंग अँड बार्न्स 2000 मध्ये डॉर्सेटच्या हॉल अँड वुडहाउसने घेतली, बंद. जुन्यांपैकी ससेक्समध्ये हार्वेज उरली, आणि ती उरली याचं मोठं कारण फारसं रोमँटिक नाही: कुटुंबाने शेअर विकले नाहीत. जॉन हार्वेचे वंशज अजून कंपनीत आहेत, आणि हेड ब्रुअरच्या खुर्चीवर माइल्स जेनर आले, त्यांच्या आधी त्यांचे वडील त्याच खुर्चीवर होते. विकायला कुणी तयारच नाही म्हटल्यावर घेणारा काय करणार.

पुढचं थोडक्यात. 2019 मध्ये ग्रीन किंग स्वतःच विकली गेली, हाँगकाँगच्या सीके अ‍ॅसेटने घेतली, कर्ज धरून सुमारे 4.6 अब्ज पौंडांना. दुसऱ्यांच्या ब्रुअऱ्या गिळणारी गिळली गेली. लुईस आर्म्स त्याच्या आधीच त्यांच्याकडून लंडनच्या फुलर्सकडे गेला होता. आणि फुलर्सने, जी चिझिकची एवढी नावाजलेली ब्रुअरी, 2019 मध्येच आपला बिअरचा धंदा जपानच्या असाहीला विकला आणि पब तेवढे ठेवले. म्हणजे बिअर्ड्सने जे 1950 च्या दशकात केलं तेच फुलर्सने साठ वर्षांनी केलं: ब्रू करणं सोडलं, पब ठेवले.

बाबांना घेऊन गेलो त्या दिवशी परत येताना वर चढून लुईस आर्म्समध्येही गेलो. बाबांना लिंबाचं सरबत मिळेल का विचारलं, लेमोनेड मिळालं, त्यांना ते फार गोड लागलं. बारवर चारपाच हातपंप होते. एकावर फुलर्सचं लंडन प्राइड, म्हणजे आता असाहीचं. त्याच्या शेजारी हार्वेज बेस्ट. मी अर्धा पिंट घेतला, बाबांनी ग्लास उजेडाकडे धरून बघितला, वास घेतला आणि म्हणाले, "हे खालचंच ना, नदीवरचं?" हो म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाले, आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.